वेल्ह्याच्या पावसात चित्रांचे दफ्तर

ज्या पुस्तकाच्या जेमतेम दीडशे प्रती निघतात, ज्याचा लेखक, चित्रकार, मुद्रक, बांधणीकार आणि विक्रेता ही सारी एकच व्यक्ती असते, ज्याच्यावर पुष्कळदा किंमत छापलेली नसते, प्रकाशनवर्ष नसते आणि कधीकधी कर्त्याचे पूर्ण नावही नसते, त्या पुस्तकाचे पन्नास वर्षांनी काय होणार, याची चिंता वाहण्याचे काम आज आपल्याकडे कोणावरही सोपविलेले नाही. रेल्वे स्थानकावरील दुकानात ते येत नाही, वर्तमानपत्रांच्या परीक्षण-सदरात त्याचा उल्लेख सहसा होत नाही आणि ग्रंथालयाच्या दाखल नोंदवहीत त्याला क्रमांक मिळत नाही. चित्रकाराच्या मेजावरून ते थेट वाचकाच्या हाती जाते, आणि तो हात जपणारा नसेल तर रद्दीच्या गठ्ठ्यातून कायमचे नाहीसे होते. स्वतंत्र चित्रकारांनी स्वतः काढलेल्या किंवा लहान प्रकाशनांनी थोड्या प्रतींत छापलेल्या ज्या चित्रकथांना त्यांचे कर्ते इंडी कॉमिक्स किंवा झीन म्हणतात, त्यांचा संग्रह करणे हा याच कारणास्तव मला छंदापेक्षा अधिक गंभीर व्यवहार वाटतो. त्यासाठी महानगरात राहावे लागते असेही नाही. तोरण्याच्या पायथ्याशी, ज्याला आता राजगड तालुका असे नाव देण्यात आले आहे त्या वेल्हे तालुक्यात राहून हा संग्रह करता येतो, वाढविता येतो आणि चार लोकांना दाखविता येतो, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

चित्रकथा म्हटले की मराठी वाचकाच्या मनात बहुधा दोन स्मृती जाग्या होतात. एक १९६४ साली मुंबईत टाइम्स ऑफ इंडियाने सुरू केलेल्या इंद्रजाल कॉमिक्सची, जिच्यामुळे वेताळ आणि जादूगार मँड्रेक मराठी घरांत शिरले आणि १९९० पर्यंत राहिले. आणि दुसरी अनंत पै यांच्या अमर चित्र कथेची, जिच्या पानांवर राम वाईरकर आणि पुण्याचे प्रताप मुळीक यांच्यासारख्या समर्थ रेखाटनकारांचे हात राबले. या दोन्ही मालिकांविषयी मला आदरच आहे. परंतु त्या व्यवसाय म्हणून चालविलेल्या होत्या. संहिता एकाने लिहावी, रेखाटन दुसऱ्याने करावे, अक्षरे तिसऱ्याने घालावीत, रंग आणखी कोणी भरावेत आणि या सर्वांवर संपादकाची नजर असावी, असा तेथील शिरस्ता होता. ज्या चित्रकथांविषयी मी लिहीत आहे त्यांत ही विभागणी नसते. रेषा ज्याची, शब्दही त्याचेच. आणि एका पानावर किती चौकटी असाव्यात, त्या चौकोनीच असाव्यात काय, मुळात त्या असाव्यातच काय, हे ठरविण्याचा संपूर्ण अधिकार त्या एकाच व्यक्तीकडे असतो. म्हणून अशा पुस्तिकेत अनघडपणा असतो, आणि कर्त्याचा हात इतक्या जवळून दिसतो की छापील वस्तू हाती असूनही हस्तलिखित वाचल्याचा प्रत्यय येतो.

पाश्चात्त्य देशांत या प्रकाराचा इतिहास बराच जुना आहे. जिनीव्हातील रोडॉल्फ टॉप्फर हा शाळामास्तर आपल्या विद्यार्थ्यांच्या आणि मित्रांच्या मनोरंजनासाठी चित्रांच्या वह्या काढीत असे. त्या वह्या वृद्ध गटेच्या पाहण्यात आल्या, त्याने त्यांची प्रशंसा केली, आणि पुढे १८३३ पासून टॉप्फरने त्या शिळामुद्रणाने स्वतः छापून घेतल्या. अमेरिकेत १९६८ साली रॉबर्ट क्रंबने ‘झॅप’चा पहिला अंक सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यावर लहान मुलाच्या बाबागाडीत ठेवून विकला. न्यूयॉर्कमध्ये आर्ट स्पीगलमन आणि फ्रांस्वाझ मुली या दांपत्याने १९८० मध्ये ‘रॉ’ हे नियतकालिक काढले, आणि त्यात क्रमशः आलेल्या ‘माऊस’ला पुढे १९९२ मध्ये विशेष पुलित्झर पारितोषिक मिळाले. जपानमध्ये १९७५ च्या डिसेंबरात हौशी चित्रकारांच्या अवघ्या ३२ गटांनी मिळून तोक्योत जो बाजार भरविला, तो कॉमिकेट आज जगातील अशा प्रकारच्या सर्वांत मोठ्या मेळाव्यांत गणला जातो. या सर्वांचे आरंभीचे अंक आज संग्राहक जिवापाड जपतात; ते प्रथम निघाले तेव्हा मात्र ते कोणीतरी फेकून न देता ठेवले, एवढीच त्यांच्या बचावाची हकीकत आहे.

आपल्याकडे या प्रकाराची मुळे शोधायची तर मी वाचकाला कुडाळजवळच्या पिंगुळीस नेईन. तेथील ठाकर समाजातील चित्रकथी कागदावर रंगविलेली पाने एकामागून एक श्रोत्यांसमोर धरीत, आणि वाद्यांच्या साथीवर रामायण-महाभारतातील एखादे आख्यान गात. साधारण ३० बाय ४० सेंटिमीटरचे एकेक पान, पाठीला पाठ लावून चिकटविलेली दोन चित्रे, आणि एका आख्यानाच्या सर्व पानांची मिळून एक पोथी, अशी त्याची रचना. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर याने सिद्ध केलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात चित्रकथकाचा उल्लेख आहे. म्हणजे चित्रांच्या क्रमातून कथा सांगणे हा या भूमीत सुमारे ९०० वर्षांचा ज्ञात व्यवसाय आहे. या पानांकडे कॉमिक्सच्या वाचकाने एकदा लक्षपूर्वक पाहावे असे मला फार वाटते. बाजूने काढलेले चेहरे, मोठे डोळे, रिकाम्या पार्श्वभूमीवर समोरासमोर ठाकलेल्या आकृती, युद्धप्रसंगी पानभर दाटलेले बाण: येथे दोन चित्रांमधला काळ गाणारा भरून काढतो, आणि आजच्या चित्रकथेत तेच काम दोन चौकटींमधली कोरी पट्टी करते. सावंतवाडीच्या राजघराण्याच्या आश्रयाने ही कला जगली. आश्रय आटल्यावर ती विझू लागली, आणि तिच्या कित्येक पोथ्या आज पाहावयास मिळतात त्या संग्राहकांनी वेळीच हात घातला म्हणून. पुण्यात दिनकर केळकरांनी, जे ‘अज्ञातवासी’ या नावाने कविताही लिहीत, दिवे, अडकित्ते, वाद्ये आणि दरवाजे यांच्याबरोबर चित्रकथींची चित्रेही जमविली. तो सारा संग्रह अकाली गेलेल्या राजा या आपल्या मुलाच्या नावाने उभा करून पुढे त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. पिंगुळीतच परशुराम गंगावणे यांनी घराण्याकडे आलेला ठेवा सांभाळून त्याचे कलाअंगण उभारले, आणि २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. केळकरांनी बाहेरून वेचले, गंगावण्यांनी आतून राखले. मला हे दोन्ही मार्ग सारखेच वंद्य वाटतात.

याच परंपरेच्या अंगणात, पण अगदी निराळ्या सुस्थितीत, औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचे चित्ररामायण उभे आहे. स्वतः राजाने काढलेली ती चित्रमाला १९१६ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. राजाची कृती असल्याने तिच्या जतनाची काळजी कोणास करावी लागली नाही, म्हणून येथे तिचा नुसता निर्देश पुरे.

त्याहून निकटचे नाते मला मराठीतील अनियतकालिकांशी दिसते. १९५४ च्या सुमारास अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि रमेश समर्थ यांनी ‘शब्द’ हे चक्रमुद्रित नियतकालिक काढले, आणि साठीच्या दशकात ‘असो’, ‘वाचा’, ‘फक्त’, ‘येरू’ अशी कितीतरी पत्रके मुंबईत आणि इतरत्र निघाली. स्टेन्सिलवर टंकलेखन करायचे, चक्र फिरवून दोनचारशे प्रती काढायच्या, मित्रांना वाटायच्या, टपालाने पाठवायच्या आणि पैसे संपले की थांबायचे, हा त्यांचा कारभार. आज मराठी नवकवितेचा इतिहास लिहिणाऱ्यास हे अंक मिळविण्यासाठी कोणाच्या तरी माळ्यावर, कोणाच्या तरी ट्रंकेत शोध घ्यावा लागतो. कोलटकर तर व्यवसायाने जाहिरातक्षेत्रातील चित्रकार होते, आणि शब्द व चित्र या दोहोंवर एकाच माणसाची सत्ता असली म्हणजे छापील पानाचे काय होते, हे त्यांनी स्वतः घडविलेल्या पुस्तकांवरून कळते. चित्र आणि पान यांच्या खेळाची गोडी तर त्याही अगोदर सामान्य मराठी वाचकाला लागलेली होती. १९५१ मध्ये मधुकर पाटकरांनी सुरू केलेल्या ‘आवाज’ दिवाळी अंकातील खिडकीचित्रे, ज्यांत पान उलटताच आधीच्या चित्राचा अर्थ पालटतो, त्यांचा ज्याने आनंद घेतला आहे त्याला चित्रकथेचे तंत्र नव्याने शिकवावे लागत नाही.

आता प्रत्यक्ष संग्रहाकडे वळू. भारतीय स्वतंत्र चित्रकथेचा आरंभ कोठे मानावा, याविषयी मतभेद संभवतात. परंतु ज्या पुस्तकाला संग्राहकाने अग्रपूजेचा मान द्यावा, असे माझ्या दृष्टीने एकच आहे, आणि ते म्हणजे ओरिजित सेन यांचे १९९४ मधील ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’. नर्मदेवरील धरणांविरुद्धचे आंदोलन हा त्याचा विषय. प्रकाशक होती कल्पवृक्ष ही पर्यावरणाचा अभ्यास करणारी संस्था. सेन यांनी दोन प्रवाह शेजारी शेजारी वाहते ठेवले आहेत. एकीकडे मालगू गायन हा आदिवासी गायक सृष्टीच्या उत्पत्तीची आणि नदीची कथा गातो. दुसरीकडे शहरातला तरुण वार्ताहर धरणाच्या बातमीच्या शोधात खोऱ्यात पोचतो. गीताची पाने लाकडावर कोरल्यासारख्या दाट, वळणदार रेषांत काढलेली आहेत, तर वर्तमानाची पाने सडेतोड आणि वार्तापत्रासारखी. आणि वाचता वाचता केव्हातरी वाचकाच्या ध्यानी येते की पुराणकथा आणि सरकारी अहवाल हे एकाच जमिनीविषयीचे परस्परविरोधी दाखले आहेत. ज्या तालुक्यात पानशेत, वरसगाव आणि गुंजवणी यांच्या जलाशयांसाठी गावांनी आपली शेते सोडली, तेथे बसून हे पुस्तक वाचताना त्यातली प्रत्येक चौकट अधिक ठळक होते. पहिली आवृत्ती थोड्या प्रतींची होती; ती संपल्यावर कित्येक वर्षे हे पुस्तक नकलांच्या रूपाने, एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती फिरत राहिले, आणि अखेर २०२२ मध्ये चेन्नईच्या ब्लाफ्ट या लहान प्रकाशनाने ते पुन्हा छापले. मधल्या काळात ज्यांनी मूळ प्रती राखल्या, त्यांच्याकडे या पुस्तकाचा मूळ छपाईतला पुरावा राहिला.

दुसरा मान दिल्लीच्या ‘नवयान’ या लहान प्रकाशनसंस्थेचा, आणि तो तिने महाराष्ट्राच्या दोन महापुरुषांना चित्रकथेत आणले म्हणून. २०११ साली या संस्थेने दोन पुस्तके काढली. श्रीविद्या नटराजन आणि अपराजिता नैनन यांच्या ‘अ गार्डनर इन द वेस्टलँड’ला जोतीराव फुल्यांच्या १८७३ मधील ‘गुलामगिरी’चा आधार आहे, त्यात लेखिका आणि चित्रकर्ती स्वतःच पात्रे होऊन वावरतात आणि फुल्यांच्या युक्तिवादाची वर्तमानाशी गाठ घालून देतात. डॉ. आंबेडकरांवरील ‘भीमायन’ची संहिता नटराजन आणि एस. आनंद यांची, चित्रे मात्र दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांची. चित्रांना चौकटीत कोंडायचे नाही, हा त्यांचा आग्रह होता. म्हणून पानांची विभागणी त्यांनी आपल्या घरांच्या भिंतीवर आणि अंगणात काढल्या जाणाऱ्या डिग्ना नक्षीच्या वळणांनी केली. मृदू बोलणाऱ्याचे शब्द पक्ष्याच्या आकारात घातले, आणि विखारी बोलणाऱ्याच्या शब्दांना विंचवाची नांगी लावली. साताऱ्याच्या शाळेत तहानलेला लहान भीम, वडिलांच्या भेटीस निघालेल्या मुलांचा बैलगाडीचा प्रवास, बडोद्यात निवाऱ्यासाठी झालेली वणवण, १९२७ चे महाडचे चवदार तळे: हे प्रसंग मराठी वाचकाला पाठ आहेत असे म्हटले तरी चालेल, आणि तरीही त्या चित्रांत पाणी, मासे, पशुपक्षी आणि झाडे ज्या रीतीने माणसांच्या दुःखात सहभागी होतात, ती रीत त्याने पूर्वी पाहिलेली नसते. ही दोन्ही पुस्तके दुकानांत मिळू शकतात, त्यांना किंमत आहे, क्रमांक आहे, तेव्हा त्यांच्या नाहीसे होण्याची भीती तूर्त कमी. संग्रहाचा पाया म्हणून ती मी प्रथम सांगतो. मराठी भूमीतील सर्वांत मराठी आशयाच्या या चित्रकथा मी इंग्रजीत वाचल्या, याची खंत मात्र मनात आहे.

पाया घातल्यावर खरे काम सुरू होते, आणि ते किरकोळ वाटणाऱ्या पुस्तिकांचे आहे. मुंबईचे चित्रकार अभिजित किणी यांनी स्वतःच काढलेली आणि स्वतःच विकलेली ‘अँग्री मावशी’ ही त्यांतली प्रसिद्ध. नऊवारीतल्या संतापलेल्या मावशीने भ्रष्टाचाऱ्यांचा समाचार घ्यावा, ही कल्पनाच मुंबईच्या रस्त्यावरून उचललेली आहे. बॉम्बे अंडरग्राउंड ही मंडळी अनेक वर्षे छायाप्रतींच्या झीन काढीत आली आहेत, आणि त्यांच्याच पुढाकाराने २०१७ पासून बॉम्बे झीन फेस्ट भरू लागला. अशा मेळाव्यात एका मेजामागे चित्रकार बसलेला असतो, समोर त्याच्या चारसहा पुस्तिका, आणि विकत घेणारा त्याच्याशी बोलत बोलत पाने उलटत असतो. याहून अल्पायुषी प्रकार म्हणजे वर्ल्ड कॉमिक्स इंडियाच्या शरद शर्मा यांनी देशभर शिकविलेली चार चौकटींची भित्तिचित्रकथा. दोन कागद जोडून केलेल्या एका पानावर गावातल्याच कोणी हुंड्याविषयी, पाण्याविषयी किंवा शाळेविषयी काढलेली ही कथा छायाप्रती करून बसथांब्यावर, चावडीवर, दवाखान्याच्या भिंतीवर लावली जाते. एका पावसात ती वाहून जाते. जिला कोणी विकत घेत नाही आणि जी भिंतीवरून काढून कोणी घरी नेत नाही, अशी ही चित्रकथा संग्राहकाने कर्त्याकडे मागून घ्यावी. ते सहसा आनंदाने देतात.

कायद्याने या सर्वांची काही सोय केलेली आहे काय? १९५४ च्या केंद्रीय कायद्यान्वये भारतात प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत प्रकाशकाने ३० दिवसांच्या आत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास, आणि एकेक प्रत चेन्नई, मुंबई व दिल्ली येथील नेमून दिलेल्या ग्रंथालयांस स्वखर्चाने पाठवावयाची असते. शंभर प्रती काढणाऱ्या चित्रकाराला हा कायदा बहुधा ठाऊक नसतो, आणि ठाऊक असला तरी चार प्रती व चार टपालखर्च त्याला जड जातात. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची जी प्रचंड सूची एकहाती सिद्ध केली, तिचे स्मरण येथे होते ते एवढ्यासाठी की, सूचीत येण्यासाठी ग्रंथ कोठेतरी शिल्लक असावा लागतो. जे कोठेच ठेवले गेले नाही, त्याची नोंद दात्यांसारख्या तपस्व्यालाही करता आली नसती.

म्हणून माझ्या मते संग्राहकाचे पहिले साधन वही हे आहे. कपाटाची पाळी नंतर येते. पुस्तिका हाती येताच तिच्यावर नसलेला तपशील वहीत उतरवावा: कोणाकडून घेतली, कोठे, केव्हा, काय किमतीस, एकूण किती प्रती काढल्याचे कर्त्याने सांगितले, आपली प्रत कितवी, छपाई कशाची. छपाईची ओळख थोड्या सरावाने पटते. छायाप्रतीतला काळा रंग पानाच्या पृष्ठभागावर किंचित उंचावलेला आणि चकचकीत असतो. रेशीमपडद्याच्या छपाईत रंगाचा थर बोटाला लागतो. आणि हल्ली चित्रकारांना अतिशय प्रिय असलेले रिसो हे जपानी यंत्र, जे मुळात शाळा-कचेऱ्यांतील परिपत्रके काढण्यासाठी निघाले, प्रत्येक रंगासाठी निराळा ढोल वापरते. कागद एका रंगातून काढून पुन्हा दुसऱ्या रंगासाठी घालावा लागतो, त्यामुळे दोन रंग तंतोतंत एकमेकांवर बसत नाहीत आणि कडेला गुलाबी किंवा निळी रेघ डोकावते. प्रत्येक प्रतीत ही रेघ थोडी निराळी असते. हे ज्याला समजले त्याला एकाच पुस्तिकेच्या दोन प्रती शेजारी ठेवून पाहण्याचा मोह आवरत नाही, आणि तो आवरूही नये.

वेल्ह्यात राहणाऱ्याला या कागदांचा खरा शत्रू कोण, हे सांगावे लागत नाही. जूनच्या मध्यापासून सप्टेंबर संपेपर्यंत तोरणा आणि राजगड ढगांत असतात, दगडी भिंती पाझरतात, आणि घरातल्या हवेतील ओल कित्येक दिवस हटत नाही. हवेची सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिली की कागदावर बुरशी धरण्याचा धोका सुरू होतो; आमच्याकडे पावसाळ्यात ती मर्यादा नित्य ओलांडली जाते. पाण्यापुढे कागदाचे काय चालते, हे पुण्याने १२ जुलै १९६१ रोजी पाहिले, जेव्हा याच तालुक्यातील पानशेतचे धरण फुटून नदीकाठच्या पेठा बुडाल्या आणि वाड्यांबरोबर घरोघरीची पुस्तके, पत्रे, वंशावळी चिखलात गेल्या. तसा प्रलय क्वचित येतो, पण दमट हवेचे काम रोजचे असते.

आणि तरीही कागद राखण्याची विद्या या मुलखाला परकी नाही. वेल्ह्याचा हा प्रदेश भोर संस्थानात प्रचंडगड तालुका म्हणून मोडत असे, आणि भोरचे अधिपती होते पंतसचिव. अष्टप्रधानांतील सचिव म्हणजे सुरनीस. राजपत्रांचा मजकूर तपासणे, अधिकउणे अक्षर दुरुस्त करणे, महालांचा हिशेब पाहणे हे त्या पदाचे कर्तव्य. ज्यांच्या पदाचा उगमच दफ्तराच्या देखरेखीत आहे त्यांच्या मुलखात कागद जपण्याची जुनी रीत शिकून घ्यावी, हे मला उचित वाटते. पुण्याच्या पेशवे दफ्तरात आजही हजारो रुमाल आहेत, आणि रुमाल म्हणजे कागदांचा गठ्ठा चौरस कापडात घट्ट बांधून ठेवण्याची पद्धत. सुती कापड हवेतील ओलीचा पहिला हल्ला स्वतः सोसते, धूळ आणि उजेड अडविते आणि कागदाला श्वास घेऊ देते. आमच्या पुस्तिकांसाठी मी याच पद्धतीत थोडा फेरफार सुचवीन. प्रत्येक पुस्तिका आम्लरहित कागदाच्या घडीत ठेवावी; आठदहा घड्यांचा गठ्ठा जाड पुठ्ठ्याच्या दोन पाट्यांत धरून धुतलेल्या, खळ काढलेल्या मांजरपाटात बांधावा; आणि गठ्ठा लोखंडी कपाटात, भिंतीपासून वीतभर अंतरावर, जमिनीपासून उंच ठेवावा. कपाटात वेखंडाचे तुकडे पुरचुंडीत घालून ठेवले म्हणजे कसर दूर राहते, असा जुन्या घरांचा अनुभव आहे. त्याच्या जोडीला ओल शोषणारे सिलिका जेलचे मणी ठेवावेत. त्यांचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर तापवून ते पुन्हा वापरता येतात.

नव्या वस्तूंचे काही धोके मात्र जुन्या रीतीला ठाऊक नव्हते. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त, वास येणाऱ्या पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटात छायाप्रतीची पुस्तिका कधीही ठेवू नये. त्या प्लास्टिकातील द्रव्ये छपाईच्या काळ्या भुकटीला मऊ करतात, आणि काही काळाने अक्षरे कागद सोडून पाकिटाला चिकटतात. पाकीट हवेच असेल तर पॉलिएस्टरचे घ्यावे. रिसोची शाई तेलकट असल्याने ती पूर्णपणे कधीच वाळत नाही. समोरासमोरच्या पानांत पातळ कागद घालावा आणि पाने कोरड्या हातांनी उलटावीत. सर्वांत मोठा उपद्रव पिनांचा. साधी पिन आमच्या हवेत दोन पावसाळ्यांत गंजते आणि तांबूस डाग पानांच्या मध्यभागी पसरतो. तो पसरण्यापूर्वी पिन हलक्या हाताने उपसून त्याच भोकांतून तागाचा दोरा ओवावा, आणि असा बदल केल्याची नोंद वहीत करावी, कारण मूळ बांधणी काय होती हे पुढच्या वाचकाला कळले पाहिजे. पाऊस संपून आश्विनाचे ऊन पडले की सर्व गठ्ठे सोडावेत, पाने सावलीत, वाऱ्यावर मोकळी करावीत. दसऱ्याला ग्रंथपूजनासाठी पुस्तके बाहेर निघतातच. तोच मुहूर्त यासाठी सोयीचा.

काय घ्यावे आणि काय घेऊ नये, याविषयी माझी मते थोडी कठोर आहेत. उद्या भाव वाढेल या आशेने घेतलेली पुस्तिका संग्राहकाला काही शिकवीत नाही. ज्या पुस्तिकेला बाजारभावच नाही तिच्यासाठी टपालखर्च सोसण्याची तयारी असणे, ही या संग्रहाची पहिली कसोटी. शक्यतो कर्त्याकडूनच घ्यावे, कारण त्याने कागदाला घातलेले पैसे त्याच्याकडे परत गेले तरच पुढची पुस्तिका निघते. घासाघीस करू नये. प्रथितयश चित्रकारांच्या मागे लागण्यापेक्षा आपल्या टापूतील मुलांकडे पाहावे. पुण्याच्या अभिनव कला महाविद्यालयातून किंवा मुंबईच्या जे. जे. मधून बाहेर पडणाऱ्यांत चित्रकथा करू इच्छिणारे कोणी ना कोणी असतेच, आणि त्यांची पहिली, कच्ची, चुकांनी भरलेली पुस्तिका हीच पुढे सर्वांत दुर्मीळ ठरते. मराठी मजकुराची पुस्तिका दिसली तर विचार न करता घ्यावी, कारण माझ्या कपाटात तशा थोड्याच आहेत. आणि जे घ्यावे ते दाखवावे. भोरच्या बाजाराहून परतणारी माणसे, गडावर जाणारे गिर्यारोहक, शाळेतली मुले, यांच्यापैकी ज्या कोणाला मी ‘भीमायन’ची पाने उलटू दिली, त्यांतल्या कोणालाही चित्रकथा कशी वाचायची हे समजावून सांगावे लागले नाही, मुले तर विंचवाच्या नांगीचा अर्थ माझ्याआधी सांगतात.

आपल्यामागे या संग्रहाचे काय व्हावे, याचा विचार संग्राहकाने धडधाकट असतानाच करावयाचा असतो. महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यान्वये गावोगावी अनुदानित वाचनालये आहेत, आणि त्यांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी आहे. ड वर्गाचे लहानसे वाचनालयही अशा ठेव्याचा स्वीकार करू शकते, परंतु कणा नसलेली, किंमत नसलेली, चार किंवा आठ पानांची पुस्तिका ग्रंथपालाने दाखल करावी कशी, ही त्याची अडचण खरी आहे. तिच्यावर मी योजलेला तोडगा असा: एका रुमालातील सर्व पुस्तिका मिळून एक ग्रंथ मानावा, त्याला एकच दाखल क्रमांक द्यावा, आणि आतल्या पुस्तिकांची तपशीलवार यादी तीन प्रतींत करावी. एक प्रत रुमालातच राहील, दुसरी वाचनालयाच्या दफ्तरात जाईल, आणि तिसरी बक्षीसपत्राला जोडून त्यावर देणार, घेणार आणि दोन साक्षीदार यांच्या सह्या घ्याव्यात. बक्षीसपत्रात दोन अटी असाव्यात: पुस्तिका वाचनालयाबाहेर देऊ नयेत, आणि वाचनालयात मागणाऱ्या कोणाही वाचकाला, त्याचे वय काहीही असो, त्या पाहू द्याव्यात.